रिकाम्या गाडीचं वजन

"सरका जरा, मॅडम," असं म्हणेपर्यंत बड्डेंचा हात कीबोर्डपर्यंत पोचलेला असे. मी खुर्ची मागे घ्यायची, ते उभ्याउभ्या वाकून टाइप करायचे आणि टाइप करता करता बोलायचे. काम झालं की कीबोर्ड तिरपा टाकून पुढच्या टेबलाकडे. बोलणं मात्र तिथपर्यंत चालूच. मी मुकाट्यानं कीबोर्ड सरळ करून घ्यायची. चार वर्षांत तो किती वेळा सरळ केला असेल, देव जाणे.

मी गोंदियाची. लहानपणी बालाघाट-नैनपूरमार्गे नॅरोगेजच्या गाडीनं सातपुड्याच्या जंगलातून जबलपूरला मावशीकडे यायचो. आता तिथं ब्रॉडगेज झाली. लग्नानंतर मी इथलीच झाले; नवरा पश्चिम मध्य रेल्वेत, आणि रेल्वेच्या या विभागाचं मुख्यालय 2003 पासून जबलपुरात. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्यानं शेजारच्या गाडीवाल्याला "काय बड्डे!" अशी हाक मारली आणि माझे कान टवकारले. मला वाटलं, मराठी! तसं नव्हतं. इथल्या हिंदीतही 'काय' आहे, आणि 'बड्डे' ही तर जबलपूरची ओळखच. रिक्षावाला, पानवाला, कॉलेजातला मित्र, सगळे एकमेकांचे बड्डे. मुंबईत 'भाऊ' तसं. मोठेपणाचा त्यात काही संबंध नाही.

आमच्या ऑफिसात मात्र बड्डे एकच होते, आणि तिथं त्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळाला होता.

ऑफिस राइट टाउनमधल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही सात माणसं. दवाखान्याची बिलं, शाळेची फी, शीतगृहाच्या पावत्या, धर्मकाट्यांची (म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यांची) वजनं, असली चारचौघांच्या कामाची सॉफ्टवेअरं आम्ही करतो. पुण्याला माझा मामेभाऊ विचारतो, "तुमचा टेक-स्टॅक काय?" मी म्हणते, वीज गेली की इन्व्हर्टर.

बड्डे नोएडा आणि बंगळुरूत पंधरा वर्षं काढून आईच्या आजारपणासाठी घरी परतलेले. पंचेचाळिशीचे. आणि हे आधीच सांगून टाकते, त्यांना खरोखर येत होतं. अर्धवट माणूस असता तर हे लिहायची वेळच आली नसती. अर्धवट शहाण्याचं पितळ वर्षभरात उघडं पडतं. जो दहापैकी नऊ वेळा बरोबर असतो, त्याचं काय करायचं?

एक उदाहरण देते. शीतगृहाच्या महिनाअखेरच्या अहवालाला वीस मिनिटं लागायची. मी दोन दिवस त्यावर डोकं फोडत होते. बड्डे आले, "सरका जरा" झालं. तारखेच्या रकान्यावर मी एक फंक्शन लावलं होतं, त्यातून नुसता महिना काढून घेत होते. त्यामुळे त्या रकान्याचा इंडेक्स डेटाबेसला वापरताच येत नव्हता. तो बिचारा दरवेळी लाखो ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसायचा. बड्डेंनी फंक्शन काढलं, 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी अट घातली. वीस मिनिटांचं काम चार सेकंदांवर आलं. मी मनापासून थक्क झाले. मग पुढची चाळीस मिनिटं त्यांनी मला इंडेक्स म्हणजे काय, हे समजावलं. मला इंडेक्स माहीत होता. चूक झाली होती, अज्ञान नव्हतं. हा फरक त्यांच्या गावीच नव्हता.

आणि हे कोडपुरतं नव्हतं. चहात आलं आधी की साखर आधी, खोव्याची जलेबी कुठल्या दुकानात किती वाजता खावी, 1997 च्या मेमधल्या भूकंपात कुठली बांधकामं टिकली आणि का, सगळ्यावर त्यांचा शेवटचा शब्द. एकदा मी डब्यात पुरणपोळी नेली. हरभऱ्याची डाळ किती शिजवावी, हे त्यांनी मला सांगितलं. गोंदियाच्या मुलीला गोंदिया जंक्शनचा इतिहास सांगितला. (दोन गोष्टी मला नव्या होत्या. घरी येऊन बाबांना फोन करून विचारलं. दोन्ही खऱ्या निघाल्या. त्या रात्री मला सर्वांत जास्त राग आला.)

या शहराच्या पाण्यातच काही असेल का, असं मला कधीकधी वाटतं. आचार्य रजनीश, म्हणजे पुढचे ओशो, इथल्याच हितकारिणी कॉलेजचे विद्यार्थी. एका प्राध्यापकाशी इतकी वादावादी झाली, की त्यांना कॉलेज सोडावं लागलं. दुसऱ्या कॉलेजानं घेतलं, पण तासांना बसू नका, परीक्षेला या, अशा बोलीवर. आणि याच गावात हरिशंकर परसाई राहायचे. 'देशबंधु' दैनिकात त्यांचं 'पूछिए परसाई से' नावाचं सदर चालायचं. वाचक हव्या त्या विषयावर प्रश्न पाठवायचे, परसाई उत्तरं द्यायचे. मी बड्डेंच्या टेबलावर त्या नावाची पाटी लावायचा बेत केला होता. मग लक्षात आलं, उपमा चुकतेय. परसाईंना लोक आधी विचारत.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास ठेवला आहे. एका दशकात दोघांची सोय करावी लागली, म्हणजे त्या काळीही हा प्रकार साध्या मूर्खात बसत नसणार. आमच्या धंद्यात हेच काम 1971 मध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांनी केलं. 'द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या पुस्तकात त्यांनी अहंकाराशिवाय प्रोग्रॅमिंग कसं करावं, हा विषय काढला. त्यात एका प्रोग्रॅमरची गोष्ट आहे. त्यानं आपला कोड सहकारी बाईंना तपासायला दिला आणि त्यांनी तेरा ओळींत सतरा चुका काढल्या. हा दिवसभर सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरला, तेरा ओळींत सतरा! मी ही गोष्ट बड्डेंना एकदा आडून सांगितली. ते म्हणाले, "हो, पण त्या काळी भाषाच वेगळ्या होत्या." त्यांचे आदर्श लिनक्सवाले टोरवाल्ड्स. ते कसे ई-मेलमधून लोकांना फाडून खायचे, हे बड्डे रंगवून सांगत. त्याच टोरवाल्ड्सनी सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या वागण्याची जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले, एवढा भाग मात्र त्या गोष्टीत नसायचा.

बाहेरच्यांना वाटतं, असा माणूस म्हणजे रोजची भांडणं. आमच्याकडे भांडण कधीच झालं नाही. झालं ते उलटं. आम्ही हळूहळू बोलायचं सोडलं. सोमवारच्या बैठकीत ऑफिस चालवणारे आमचे सर विचारायचे, "कोणाचं काही?" सगळे वहीत बघायचे. कोणी तोंड उघडलं, की वाक्याच्या मध्यावर बड्डे ते उचलून घ्यायचे, पुरं करायचे, खोडायचे आणि त्याजागी दुसरं मांडायचे. आपलं वाक्य आपल्यालाच ऐकायला मिळायचं नाही. मी सरांकडे दोनदा गेले. ते म्हणाले, "स्वभाव आहे. पण एवढं कळणारा आपल्याकडे दुसरा कोण आहे?" खरं तर याला उत्तर नव्हतंच. मग मीही सोपा मार्ग धरला. कोड लिहायचा तो बड्डेंना आवडेल असा. अडलं की शोधत बसायचं नाही, ते येतीलच. माझा मेंदू मी त्यांच्याकडे गहाण ठेवला आणि वर त्यांच्याच नावानं बोटं मोडत बसले.

त्यात ती मुलगी आली. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, पाटण तहसिलीतल्या एका खेड्यातली, घरी शेती. आवाज इतका हळू की फोनवर 'हॅलो' दोनदा म्हणावं लागे. मला दीदी म्हणायची. तिनं पहिल्या महिन्यात तीस ओळींचा एक बदल केला, त्यावर बड्डेंच्या एकेचाळीस सूचना आल्या. मी रात्री घरी बसून त्या मोजल्या आणि तपासल्या. अडतीस बरोबर होत्या. तीन चुकीच्या. पण एवढ्या गर्दीतून ते तीन खडे वेचायला ती मुलगी धजणार होती थोडीच? तिनं एकेचाळीसच्या एकेचाळीस मान्य केल्या आणि त्या तीन चुका आमच्या कोडात बिनविरोध निवडून आल्या.

आता धर्मकाट्याची गोष्ट.

जबलपूरचा मटार प्रसिद्ध आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्याच्या नावापुढे मटारच आहे. पाटण, शहपुरा या भागातून हिवाळाभर हिरव्या शेंगांच्या बोऱ्या भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मटार तोडला की त्यातल्या साखरेचं पिठूळ व्हायला लगेच सुरुवात होते. माल जितका थांबेल तितका गोडवा जातो आणि भावही. म्हणून शेतकरी रात्रीच निघतो. काट्यावर भरलेली गाडी तोलायची, माल उतरवायचा, रिकामी गाडी पुन्हा तोलायची, वजाबाकी केली की मालाचं वजन. म्हणजे एका गाडीला दोनदा रांग. थंडीत, धुक्यात, पहाटे तीनला.

आमच्या एका ग्राहकाचा असा खाजगी काटा होता. त्याला ही दुसरी रांग कमी करून हवी होती. बड्डेंनी बैठकीत तोड सांगितली, आणि ती सुंदर होती. गाडीचं रिकामं वजन एकदाच घ्यायचं, नंबरासकट साठवून ठेवायचं. पुढच्या वेळी तीच गाडी आली की भरलेलं वजन घेऊन साठवलेलं वजा करायचं, पावती तयार. "सतन्याकडच्या सिमेंटच्या ट्रकांसाठी मी हे केलंय. पाच वर्षं चाललं, एक तक्रार नाही." सरांचा चेहरा उजळला.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "पण सर, ट्रॉली तर..."

"डिटेल्स नंतर," बड्डे म्हणाले आणि फळ्यावर तक्ते काढू लागले.

ती थांबली. मी तिच्या शेजारीच बसले होते. 'ट्रॉली तर' हे दोन शब्द मला स्वच्छ ऐकू आले होते. ती शेतकऱ्याच्या घरची आहे, हेही मला ठाऊक होतं. "तिला बोलू द्या" एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पण साडेसहा वाजून गेले होते, लेकीची शिकवणी सुटायची होती, आणि बड्डेंपुढे एक प्रश्न म्हणजे आणखी एक तास, हा हिशोब आमच्या सगळ्यांच्या अंगात भिनला होता. मी वही मिटली.

आमच्या डेटाबेसात 'गाडी' नावाचा एक तक्ता तयार झाला. नंबर हीच गाडीची ओळख. एका नंबरला एक रिकामं वजन.

सिमेंटच्या ट्रकाचा हौद आणि इंजिन एकाच अंगाचे असतात. पाटणच्या शेतकऱ्याची गाडी म्हणजे दोन वस्तू. ट्रॅक्टर आपला, ट्रॉली ज्याची मिळेल त्याची. हंगामात आपली ट्रॉली शेतात भरली जात असते, तेव्हा चुलतभावाची ओढून आणतात, मेव्हण्याची आणतात, भाड्यानं घेतात. नंबर दिसतो तो ट्रॅक्टरचा. ट्रॉलीवर असलाच तर चिखलाखाली.

पहिले तीन आठवडे वाहवा झाली. रांग निम्म्यावर आली, सरांनी आम्हाला मंगोडे खाऊ घातले. मग जानेवारीतल्या एका रात्री साडेनऊला काट्यावरून फोन आला. एक शेतकरी पावती घेऊन खिडकीशी उभा होता आणि हलायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. घरी चौतीस बोऱ्या मोजून भरल्या, प्रत्येकी सत्तर किलो. म्हणजे दोन हजार तीनशे ऐंशी. पावतीवर एक हजार सातशे चाळीस. "माझ्या नऊ बोऱ्या कुठे गेल्या?"

त्या दिवशी किलोला वीस रुपये भाव होता. सहाशे चाळीस किलो म्हणजे बारा हजार आठशे रुपये.

बड्डेंनी त्याच रात्री लांबलचक मेल पाठवली. थंडीनं लोड सेलच्या वाचनात फरक पडू शकतो. इंजिन चालू ठेवलं तर आकडा थरथरतो. काट्याची तपासणी कधी झाली होती. शेतकऱ्याचा घरचा तराजू कितपत भरवशाचा. एकेक मुद्दा शास्त्रशुद्ध. सकाळी ऑफिसात मुलीनं ती मेल वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. यावेळी मला खुर्चीत बसवेना. मी तिला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "त्या दिवशी तू काय सांगत होतीस, ते पूर्ण सांग."

तिनं सांगितलं. दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काट्यावर गेलो. तिथले वजन करणारे गृहस्थ साठीचे, सगळे त्यांना कक्का म्हणतात. मी चाचरत विचारलं, साठवलेली वजनं आणि खरी वजनं ताडून बघायला काही साधन आहे का? कक्कांनी गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची वही काढली. आमचं सॉफ्टवेअर बसल्या दिवसापासून, जमेल तेव्हा, रांग नसेल तेव्हा, ते रिकाम्या गाड्या बोलावून तोलत होते आणि वहीत लिहीत होते. शंभरेक नोंदी. आमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, एवढंच. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "बसवायला आले होते त्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कक्का, आता डोकं चालवायची गरज नाही, मशीन चालवेल."

मुलीनं त्या नोंदी संगणकावर भरल्या. वीसेक ठिकाणी फरक मोठा होता. त्या शेतकऱ्याचं साठवलेलं रिकामं वजन तीन हजार नऊशे ऐंशी, स्वतःच्या मोठ्या ट्रॉलीसकट. त्या रात्री त्यानं मेव्हण्याची लहान ट्रॉली आणली होती, तीन हजार तीनशे चाळीस. बरोबर सहाशे चाळीसचा फरक. आणि यादीतल्या सातआठ जणांच्या बाबतीत फरक उलटा होता. त्यांच्या मोठ्या ट्रॉलीचं लोखंड मटाराच्या भावानं विकलं गेलं होतं. त्यांच्यापैकी कोणी खिडकीशी येऊन उभं राहिलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

मी ती यादी बैठकीत टाकली नाही. चारचौघांत बड्डेंची जिरवायची संधी चालून आली होती आणि ती घ्यावी असं मला फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण बैठकीत ते हरले असते तरी बोलतच राहिले असते. मी त्यांना म्हटलं, "आज रात्री काट्यावर चला. तुमचा लोड सेल बघायचा आहे." ते लगेच तयार झाले.

रात्री अकराला आम्ही तिघं पोचलो. धुकं, डिझेलचा वास, आणि त्यावर ओल्या शेंगांचा हिरवा वास. वीसबावीस ट्रॅक्टर उभे. काही जणांनी शेकोटी केली होती. बड्डे काट्याच्या खड्ड्याशी वाकून टॉर्चनं बघू लागले, सेल कुठल्या बनावटीचा, केबल कशी टाकली. कक्का शांतपणे त्यांच्यामागे उभे राहिले. मग एका रिकाम्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी हाक मारून काट्यावर घेतलं. आकडा आला. कक्का खाली उतरले, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये वाकले आणि जोडातली पिन उपसली. वीतभर लांबीची, ग्रीसनं काळी, वर वाकडी मूठ असलेली लोखंडी पिन. ट्रॅक्टर फुटभर पुढे गेला, ट्रॉली जागच्या जागी राहिली.

"पिन निकरी, गाड़ी बदल गई," कक्का म्हणाले आणि ती बड्डेंच्या हातात दिली.

मी इतकी वर्षं या माणसाबरोबर काम केलं, त्यांना गप्प बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते पिन हातात धरून उभे होते. एकदा ट्रॅक्टरकडे, एकदा ट्रॉलीकडे बघत होते. तळहाताला ग्रीस लागलं होतं ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मला वाटतं त्या क्षणी ते मनातल्या मनात तो तक्ता पुसत होते, 'गाडी'चे दोन करत होते. मग त्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, "तू त्या दिवशी हेच सांगत होतीस?"

ती म्हणाली, "हो सर."

यानंतर त्यांचा कायापालट झाला असं वाचायची तयारी ठेवली असेल, तर सांगते. परतीच्या वाटेवर गाडीत बसल्यापासून राइट टाउनपर्यंत ते आम्हाला ट्रॅक्टरच्या जोडणीचे प्रकार समजावून सांगत होते. मागच्या सीटवर ती मुलगी ओढणीत तोंड लपवून हसत होती.

पण ऑफिसच्या जिन्यात, ती पुढे निघून गेल्यावर, मी त्यांना थांबवलं. चार वर्षं मनात घोळवलेलं भाषण होतं. ते निघालं भलतंच छोटं. म्हटलं, "बड्डे, तुम्ही बोलू देत नाही. तुमच्यापुढे कोणाचं वाक्य पुरं होत नाही. त्यातूनच हे झालं."

ते बराच वेळ कठड्याला टेकून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, चार वर्षं मी बोलतोय आणि तुम्ही मान डोलावताय. मला वाटायचं, पटतंय. तुम्ही एकदा तरी का नाही म्हणालात?"

मला हे फार लागलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं त्या रात्री नवऱ्याजवळ बोललेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना मात्र ते 'डोलावताय' डोक्यातून जाईना. त्यांनी मला बोलू दिलं नाही हे खरंच. पण मी मान डोलावली, हेही माझंच. माझी ती मान बघून इतरांनी आपापल्या माना हलवल्या असतील. कीबोर्ड ओढून घेणारा हात त्यांचा होता, खुर्ची मागे घेणारे पाय कोणाचे होते?

सरांनी शेतकऱ्यांचा फरक भरून दिला. ज्यांना जास्त गेले होते त्यांच्याकडून काही परत मागितलं नाही, मागून मिळणारही नव्हतं. आणि बैठकीची रीत आम्ही बदलली. ज्याला जे सांगायचं ते त्यानं आधी लिहून टाकायचं, आणि बोलायची सुरुवात वयानं सर्वांत लहान माणसापासून करायची. म्हणजे बड्डेंची पाळी सहावी. सर सोडले तर शेवटची. पहिल्या बैठकीत ते चौथ्या मिनिटालाच मध्ये पडले. मी म्हटलं, "बड्डे, पाळी." माझा आवाज कापत होता. ते थांबले. दुसऱ्या बैठकीत अकराव्या मिनिटाला. मी घड्याळ लावून बघते हे त्यांना माहीत आहे, आणि आता तो आमच्यातला एक खेळ झालाय. अजूनही महिन्यातून दोनदा कीबोर्ड ओढला जातो. फरक एवढाच, की आता मी म्हणते, "बड्डे, मी करते, तुम्ही सांगा." त्यांना ते जड जातं. हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि बोटं हलत असतात.

एक गोष्ट उरली, ती माझ्याच विरुद्ध आहे. परवा मुलीला एक नवं काम समजावत होते. ती काही विचारू लागली, मी म्हटलं, "हो हो, तेच सांगतेय," आणि पुढे बोलत राहिले. थोड्या वेळानं ती पुन्हा. मी पुन्हा "हो हो." तिनं वही मिटली. ती वही मिटण्याची पद्धत माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी जागच्या जागी गप्प झाले. बराच वेळ दोघी तशाच बसलो होतो, मग मी म्हटलं, "बोल." तिला अजून सवय व्हायची आहे. मलाही.

धर्मकाट्याची नवी आवृत्ती तिनंच लिहिली. 'गाडी'चे आता दोन तक्ते आहेत, ट्रॅक्टर आणि ट्रॉली. ट्रॉल्यांना कक्कांनी पांढऱ्या रंगानं आकडे घातले. तरीही काट्यावर गाडी आली, की पडद्यावर आधी एक प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रश्न काय असावा यावर ऑफिसात दोन दिवस खल झाला. शेवटी तिनं कक्कांनाच विचारलं आणि त्यांनी सांगितलं तसं त्यांच्या बोलीत टाकून दिलं: 'ट्रॉली ओई आय'. ट्रॉली तीच आहे ना, असा त्याचा अर्थ.

तो कोड तपासायला बड्डेंकडे गेला. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. साडेतीनशे ओळींवर एकच सूचना: प्रश्न आहे, तर शेवटी प्रश्नचिन्ह हवं.